दुसऱ्या टोकाचे रंग

भोईरदादांचं बसणं पाहण्यासारखं असे. तुम्ही-आम्ही खुर्चीवर बसतो; भोईरदादा खुर्चीला शरण जात. आधी दारात उभं राहून खोलीतल्या सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवत. मग एकीची निवड करत, तिच्या पाठीवर हात ठेवत आणि ओहोटी लागावी तसे हळूहळू, टप्प्याटप्प्यानं खाली येत. पूर्ण बसून झालं की डोळे मिटत आणि म्हणत, "दमलो."

मग वीस-पंचवीस सेकंद शांतता. मग डोळे उघडून, "चला."

'चला' म्हटलं की माणूस कामाला लागे आणि मग तासभर हटत नसे. 'दमलो' म्हणून झाल्यावर 'चला' आलं नाही, असं मी एकदाच पाहिलं. ती गोष्ट मला सांगायची आहे. पण थेट तिथं गेलो तर तुम्हाला माणूस कळणार नाही, आणि मला थोडा वेळ मिळणार नाही. मला वेळ का हवा आहे, तेही पुढे येईलच.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि नेरूळच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे काय, तर मालक जाहिराती आणत आणि उरलेली जागा मी भरत असे. मुद्रितशोधनही माझ्याकडेच. कचेरी पहिल्या मजल्यावर, खाली रक्त तपासायची लॅब. त्यामुळे जिन्यात नेहमी हात कोपरात वाकवून, कापूस धरून उभी असलेली माणसं दिसत. बरेच जण चुकून वर येत आणि आमच्याकडे रिपोर्ट मागत.

नवी मुंबईत त्या वेळी घरोघर कॉम्प्युटर येत होते. हॉलमध्ये त्याची जागा देवघराखालोखाल मानाची असे. त्याला झालरीचं कव्हर शिवलेलं असे. मुलांना चपला काढून, हात धुऊन त्याच्यापुढे बसवत. आणि तो टेलिफोनच्या तारेला जोडायची वेळ आली की सगळं घर घाबरत असे. इंग्रजी पुस्तकं होती, पण ती वाचून माणूस आणखीच घाबरे. मालकांना वाटलं, यावर मराठीत सदर हवं. त्यांनी जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाला निरोप दिला, आणि एका गुरुवारी आमच्या दारात भोईरदादा उभे राहिले. बेचाळीस-त्रेचाळीसचे असतील. खांद्याला डबा, खिशात टेस्टर, डोळ्यांखाली पहिल्या पाळीची झोप.

"बसू का?" त्यांनी विचारलं. "पण मग उठायला तुमीच सांगायचा."

हिराजी भोईर सानपाड्याच्या मूळ गावातले. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर; हे कारखान्यात उपकरणांच्या दुरुस्तीवर. टाकीत किती भरलंय, नळीत किती तापलंय, हे दूरच्या खोलीत काट्यावर दाखवणारी यंत्रं सांभाळायची. "माझा काम काय," ते सांगत, "हितली गोष्ट तितं बरोबर पोचली का, तेवढा बघायचा." कॉम्प्युटर, मोडेम, नेटवर्क हे त्यांच्या दृष्टीनं तेच होतं. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणत, "कंटाळा आला."

बोलताना असे बोलणारे भोईरदादा लिहीत मात्र स्वच्छ, आखीव मराठी. सदराचं नाव त्यांनीच दिलं, 'घरातली तार'. लेख हातानं लिहिलेला, आणि कागद म्हणजे कारखान्याच्या बाद झालेल्या नोंदींच्या तक्त्यांची मागची बाजू. एका बाजूला टाकी क्रमांक तीनचं तापमान, दुसऱ्या बाजूला मोडेम म्हणजे काय. प्रत ठेवत नसत. म्हणत, "दोनदा कोन लिहितंय? दमतो माणूस."

त्यांचा एक नियम होता. लेखात आधी कृती द्यायची, कारण पुढच्या आठवड्यात. "आधी हात, मग कारण," ते म्हणत. "कारण आधी सांगितला तर लोकं मान डोलावतात आन तार तशीच ठेवतात." एका आठवड्यात तार अशी सोला, इथं खोचा, एवढंच. तुम्ही ते केलंत आणि चाललं, की पुढच्या आठवड्यात ते का चाललं. मालकांना हे पटत नसे. पण वाचक चिकटले. आठवडाभर कारणाची वाट पाहणारे वाचक मी त्याआधी आणि नंतर कधी पाहिले नाहीत.

आता मोडेम. ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना कसं सांगू? आधी फोन लावल्याचा आवाज, मग शिट्टी, मग किंचाळी, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर, आणि मग एकदम शांतता. ती शांतता आली की तुम्ही जगाला जोडले गेलात. भोईरदादा हे सगळं तोंडानं करून दाखवत. चेहरा तसाच थकलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि त्या चेहऱ्यातून ती भयंकर किंचाळी! एकदा खालच्या लॅबमधला माणूस धावत वर आला. त्याला वाटलं, आमच्याकडे कुणाला तरी सुई टोचतायत.

त्यांनी एकदा लिहिलं की मोडेमचा आवाज नीट ऐकला तर दुखणं कुठं आहे ते कळतं. झालं! वाचकांनी आवाज टेप करून कॅसेटी पाठवायला सुरुवात केली. कोरी कॅसेट कोण आणणार? घरात असेल त्या कॅसेटवर मारायचं. त्यामुळे दर गुरुवारी आमच्या टेपरेकॉर्डरवर असं ऐकू येई: अर्धी आरती, खाड्, मग किंचाळी, खाड्, उरलेली आरती. भोईरदादा डोळे मिटून ऐकत आणि वैद्यासारखं निदान करत. "याच्या डब्यात पानी गेलंय." "ही तार दारात चेपतेय, दार काढा." मी पत्रांना उत्तरं टाकत असे.

नेरूळच्याच एका बाईंची कॅसेट आली. त्यांचं म्हणणं, रोज संध्याकाळी जोडणी तुटते, सगळं तपासलं, दोन मोडेम बदलले. भोईरदादांनी ती तीनदा ऐकली. मग मला म्हणाले, "तुमी ऐका. किंचाळीच्या मागं काय हाय?"

मला काही ऐकू येईना.

"श्वास," ते म्हणाले. "कोनतरी दुसऱ्या खोलीतला फोन उचलतंय आन कान लावून बसतंय. म्हातारा मानूस हाय. दमा हाय."

बाईंना तसं कळवलं. उलट टपाली पत्र आलं: 'सासूबाई. त्यांना वाटे मी फोनवर माहेरी काहीतरी सांगते. आता त्यांना शेजारी खुर्ची देऊन बसवते. त्यांनाही तो आवाज आवडू लागला आहे.'

भोईरदादांनी पत्र घडी करून खिशात घातलं. हसले नाहीत, पण त्या दिवशी 'दमलो' म्हणायचं विसरले.

पण त्यांच्या लेखांचं खरं संपादन मी करत नव्हतो, मालकही नाहीत. ते सानपाड्यात होई. एकदा लेख वेळेवर आला नाही म्हणून मी तो आणायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मला हे कळलं. ओट्यावर त्यांच्या वहिनी सुकट निवडत बसल्या होत्या. थोरल्या भावाच्या मागं घर याच वहिनींनी चालवलं, सुकी मासळी विकून. पन्नाशीच्या पुढच्या, पदर खोचलेला, हात सुपात, आणि कान दिराकडे. अक्षरओळख शून्य. शेजारच्या पायरीवर भोईरदादा कागद धरून लेख वाचत होते. दर बुधवारी असं वाचायचं, वहिनींना कळलं तरच गुरुवारी कचेरीत. नाही तर फाडायचा.

त्या दिवशी विषय होता, दोन-तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा हब नावाचा डबा. भोईरदादांनी त्याला खाडीच्या बांधातल्या उघाडीची उपमा दिली होती. उघाडी म्हणजे पाणी सोडायची मोरी, तिला लाकडी झाप असते.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "उघाडी मना सांगतंस? माझा जलम बांधावर गेला. भरती आली का झाप लागते, भायेरचा पानी आत येत नाय. ओहटीला आतला पानी भायेर जातंय. तुझ्या डब्यात पानी कनच्या बाजूला जातंय?"

"दोन्ही बाजूला."

"मंग ती उघाडी कशी झाली?"

भोईरदादांनी तीच ओळ पुन्हा मनात वाचली.

"फाड," वहिनी म्हणाल्या आणि सूप पाखडलं.

त्यांनी खरंच फाडला. माझ्या देखत! मी पानं मोकळी ठेवून आलो होतो, मालक माझी वाट पाहत होते, आणि हा माणूस तयार लेखाचे चार तुकडे करत होता. मी म्हटलं, "दादा, अहो वाचकांना कुठं एवढं कळणार आहे?"

"तिला कळला ना," ते म्हणाले. "दमलो." मग पायरीवरच थोडा वेळ बसले. मग, "चला."

तासाभरात त्यांनी दुसरा लेख लिहिला, त्यात मासळीबाजाराचा चौथरा आला आणि वहिनींनी तो पास केला. उघाडी त्यांनी वाया जाऊ दिली नाही. तीन-चार महिन्यांनी, बाहेरून काही आत येऊ न देणाऱ्या पण आतलं बाहेर जाऊ देणाऱ्या संरक्षणाबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा ती झापेसकट वापरली. तो लेख वाचून एका इंजिनियरनं लिहिलं की मला जे दोन वर्षांत कळलं नव्हतं ते आज कळलं. भोईरदादांनी ते पत्र वहिनींना वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "त्याला भरतीला पाठव. अजून कळंल."

चाळीसेक लेख झाले तेव्हा पुस्तकाची गोष्ट निघाली. मालकच काढणार होते. भोईरदादांनी त्यासाठी सगळी कात्रणं जमवली, तारेनं बांधली आणि एक दिवस माझ्या टेबलावर ठेवली. मी त्यांना काहीतरी हवंसं वाटताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "आमच्या गावातल्या मानसानं," ते म्हणाले, "कोनाला न विचारता, कोनाच्या पाया न पडता, पुस्तक उघडायचा आन घरातली तार घरीच जोडायची. एवढा झाला का मी झोपीन."

पुस्तकाला एकच गोष्ट कमी होती. घरातले दोन कॉम्प्युटर मध्ये कुठलाही डबा न घेता, एका तारेनं थेट जोडायचे कसे? डबा महाग, तार स्वस्त. वाचक महिनोन्‌महिने हेच मागत होते. तो शेवटचा लेख, आणि मग पुस्तक.

तो लेख आला.

आता इथं मला सावकाश जायला हवं.

त्या तारेच्या आत आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या. दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकचं डोकं बसवायचं, आणि त्यात आठ तारा ठरलेल्या क्रमानं खोचायच्या. भोईरदादांनी दोन याद्या दिल्या होत्या. पहिलं टोक: नारिंगी पट्ट्याचा पांढरा, नारिंगी, हिरव्या पट्ट्याचा पांढरा, निळा, आणि असं आठपर्यंत. दुसरं टोक: हिरव्या पट्ट्याचा पांढरा, हिरवा, नारिंगी पट्ट्याचा पांढरा, निळा, आणि पुढे. कारण अर्थातच दिलं नव्हतं. कारण पुढच्या आठवड्यात.

मुद्रितं माझ्या हातात. लाल पेन माझ्या हातात. वय चोवीस. मी पाहिलं, एकाच तारेची दोन टोकं आणि रंगांचा क्रम वेगळा! एक तार, दोन टोकं, ती सारखीच असणार, हे पाचवीतल्या पोराला कळेल. बिचारे दोन पाळ्या करून लिहितात, झोपेत चुकले असतील, असं मी मनाशी म्हटलं. आणि मोठ्या मायेनं, लाल पेनानं, दुसरी यादी पहिलीसारखी केली. एवढंच नाही, त्या रात्री जेवताना मी घरी सांगितलं की आज माझ्यामुळे एक मोठी चूक वाचली.

अंक निघाला. आठवड्यात पत्रं यायला लागली. जोडलं, चालत नाही. पुन्हा जोडलं, चालत नाही. भोईरदादा गुरुवारी आले तेव्हा हातात अंक होता. बसले. मालक समोर होते, मी बाजूच्या टेबलाशी.

"दोन मानसं बोलतायत," ते मालकांना समजावू लागले. "याचा तोंड त्याच्या कानाला लागाया पायजे, त्याचा तोंड याच्या कानाला. म्हनून एका टोकाला रंग बदलतात. हे छापलंय तसा केला तर तोंडाला तोंड, कानाला कान. दोघं बोलनार आन ऐकनार कोनच नाय."

"मग असं कसं लिहिलंत तुम्ही?" मालक म्हणाले.

"तेच कळत नाय." त्यांनी अंक डोळ्यांजवळ नेला. "त्या आठवड्यात डबल पाळी व्हती. हात चालला आसंल आपला आपला."

"मूळ कागद कुठाय?" मालकांनी मला विचारलं.

मूळ कागद माझ्या पिशवीत होता. पहिलं पत्र आलं त्या दिवशीच मी तो छापून झालेले कागद खोचायच्या काट्यावरून काढून घेतला होता.

"सापडत नाही," मी म्हटलं.

नोकरीला वर्ष व्हायचं होतं. कायम होण्याची बोलणी चालली होती. ही कारणं मी देतोय. भोईरदादांच्या नियमाप्रमाणे आधी हात, मग कारण.

पुढच्या अंकात त्यांनी चौकटीत छापायला लावलं: 'मागील लेखात माझ्या हातून चूक झाली. ज्यांनी त्याप्रमाणे तार केली असेल त्यांनी पत्ता कळवावा. मी येऊन दुरुस्त करीन.' मालक म्हणाले, अहो, बरोबर यादी छापू की. ते म्हणाले, तीही छापा. पण ज्याची तार माझ्यामुळं कापली त्याच्या घरी मला जायला पाहिजे.

चौदा पत्ते आले. चौदाच्या चौदा ठिकाणी मी त्यांच्याबरोबर गेलो. मालकांना वाटलं, पोरगा मेहनती आहे. वाशी, नेरूळ, जुईनगर. बहुतेक सगळ्या बिनलिफ्टच्या इमारती आणि, का कोण जाणे, बहुतेक सगळे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. पाळी संपवून आलेला माणूस प्रत्येक जिन्याखाली उभा राही, वर बघे, "दमलो" म्हणे, आणि "चला." दारात पहिलं वाक्य, "मी भोईर. चूक माझी." मग तारेचं एक टोक कापायचं, आठ तारा उलगडायच्या, नखानं सरळ करायच्या, नवं डोकं बसवायचं, पकडीनं दाबायचं. मी प्लॅस्टिकच्या डोक्यांची पिशवी धरून बाजूला उभा. प्रत्येक घरी खरं तोंडाशी येई आणि प्रत्येक घरी चहा यायचा. तेरा घरी मी चहा प्यायलो.

चौदावं घर वाशीचं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दोन बेडरूम, दोन कॉम्प्युटर. त्यांनी हसत दार उघडलं, कोकम सरबत आणलं आणि आम्हाला आतली भिंत दाखवली. भिंतीला तीन भोकं होती. एक जमिनीलगत, एक खिडकीजवळ, एक वर कोपऱ्यात.

"पहिल्या भोकातून तार टाकली, चालेना," ते सांगू लागले. "म्हटलं, भिंतीत सळई असेल, तिचा त्रास होत असेल. म्हणून दुसरं पाडलं. मग पुन्हा तिसरं. प्रत्येक वेळी तुमचा लेख समोर ठेवून तार नव्यानं केली बरं का, अगदी रंगान् रंग."

"लेख चुकला आसंल, आसा वाटला नाय तुमाला?" भोईरदादांनी विचारलं.

"छे!" गृहस्थ म्हणाले. "तुमचं लिहिलेलं कुठं चुकतं? मला वाटलं, भिंतच चुकीची आहे."

भोईरदादांनी खाली बसून तार दुरुस्त केली. ती चालली. गृहस्थांनी टाळी वाजवली, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एक चित्र पाठवून पाहिलं, बायकोला बोलावून दाखवलं. आम्ही जिना उतरलो. खाली पार्किंगच्या कट्ट्यावर भोईरदादा बसले. नेहमीसारखे टप्प्याटप्प्यानं नाही, एकदम.

"दमलो," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. मनात मोजू लागलो. वीस झाले, पंचवीस झाले, साठ झाले. समोर एक बाई स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होती. ती सुरू झाली, बाई गेल्या. भोईरदादा भिंतीकडे बघत होते.

"मानूस भिंतीवर संशय घेतंय," ते म्हणाले, "पन माझ्यावर नाय. आसा कोनी इस्वास ठेवला, आन आपला हात झोपेत चालतंय. बरा नाय हे."

तेव्हा बोलायला हवं होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं, चहाही नव्हता.

मी म्हटलं, "दादा, होतं असं कधी कधी."

पुढच्या गुरुवारी ते आले, उभ्यानंच. टेबलावरचा कात्रणांचा गठ्ठा उचलला आणि म्हणाले, "पुस्तक नको. यात आजून किती चुका आसतील, मना काय ठावं?" मालकांनी समजावलं, मीही समजावलं. हो, मीही! त्या समजावण्यात माझा आवाज किती गहिवरला होता म्हणून सांगू. सदर बंद झालं. त्या जागेवर आम्ही राशिभविष्य सुरू केलं. त्यात चूक झाली म्हणून कुणी घरी बोलावलं नाही. मी कायम झालो.

मग साप्ताहिक बंद पडलं, मी दुसरीकडे गेलो, तिथून तिसरीकडे. मोडेम गेले, त्या तारा गेल्या. पुढं पुढं तर यंत्रंच अशी आली की दोन्ही टोकं सारखी असली तरी कोणाचं तोंड आणि कोणाचा कान ते आपलं आपण ओळखून घेतात. म्हणजे माझी चूक आज केली असती तर चालून गेली असती! ही बातमी मला कळली तेव्हा मी कुणाला सांगू ते सुचेना. आता घरात तार नाहीच. मुलगा हवेतून सिनेमा बघतो आणि थांबला की माझ्याकडे रागानं बघतो.

गेल्या महिन्यात आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली म्हणून सामान आवरायला काढलं. आवरून आवरून जीव मेटाकुटीला आला होता. माळ्यावरची जुनी पिशवी झटकली आणि तो कागद खाली पडला. पाठीमागं टाकी क्रमांक तीनचं तापमान, पुढं दोन याद्या, आणि दुसऱ्या यादीवर माझ्या लाल पेनाच्या चार रेघा. अजून लालच होत्या. बायकोनं विचारलं, "ठेवायचं की टाकायचं?" मी कागद सरळ करून घडी घातली. मग म्हटलं, "द्यायचं आहे."

सानपाड्याचं गाव आता इमारतींच्या मधल्या खिंडीत राहतं, पण ओटा तिथंच होता. भोईरदादा सत्तरीच्या आसपास, पांढरे झालेले. आतल्या पलंगावर वहिनी, ऐंशीच्या, कानानं पार गेलेल्या. दादांनी मला ओळखलं. "काय संपादक! बसा. मना उठाया सांगू नका."

मी बसलो नाही. येताना नाट्यमय वाक्यं तयार केली होती, एकाहून एक. त्यातलं एकही आठवेना. मी कागद पुढं केला आणि म्हटलं, "दादा, तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. ह्या लाल रेघा माझ्या आहेत. कागद माझ्याकडेच होता."

त्यांनी चष्मा लावला. कागद लांब धरला, जवळ आणला. पहिली यादी वाचली, दुसरी वाचली. लाल रेघांवरून बोट फिरवलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर माफीचीही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"म्हनजे वहिनी खरा बोलत व्हती," ते स्वतःशीच म्हणाले.

मग कळलं ते असं. अंक आल्यावर त्यांनी छापलेला लेखही वहिनींना वाचून दाखवला होता. दुसऱ्या टोकाशी वहिनींनी थांबवलं. म्हणाल्या, बुधवारी तू हे टोक हिरव्यानं चालू केलं होतंस. हे म्हणाले, वहिनी, छापलंय बघ. त्या म्हणाल्या, छापलेलं मला काय दिसतंय, मी ऐकलंय ते सांगते. चाळीस आठवडे त्या कानांवर विसंबलेल्या माणसानं त्या एका दिवशी कागदावर विश्वास ठेवला. वरून म्हणाला, तुला वयामुळं नीट आठवत नाही. पन्नाशीच्या बाईला! आणि त्यानंतर तिला काही वाचून दाखवलंच नाही.

"चार-पाच बुधवार बसली व्हती सूप घेऊन," ते म्हणाले. "मंग बसाची थांबली."

ते उठले. भिंत धरून, एकेक टप्पा करत पलंगापाशी गेले आणि वाकून वहिनींच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "वहिनी! दुसरा टोक!"

"काय?"

"दुसरा टोक! हिरव्यानं चालू व्हता!"

वहिनींनी मान वळवली. दिराकडे बघितलं, त्याच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"मंग?" त्या म्हणाल्या. "मी काय बोलली व्हती?"

"तू बरोबर व्हतीस."

"मना म्हाईत हाय," वहिनी म्हणाल्या. "तुला आता कळला का?"

मी तिथं असल्याचं दोघांच्याही लक्षात नव्हतं. मी दाराशी येऊन चपला घालू लागलो. मागं भोईरदादा पलंगाच्या कडेवर बसत होते. तोच हात टेकणं, तोच श्वास, तीच ओहोटी.

"दमलो," ते म्हणाले.

मी चपलेचा पट्टा धरून तसाच वाकून राहिलो आणि मोजू लागलो. वीस. पंचवीस. तीस.

"चल," वहिनी म्हणाल्या. "वाच."

त्यांनी कागद हातभर लांब धरला. "पहिला, हिरव्या पट्ट्याचा पांढरा," ते ओरडून वाचू लागले. वहिनी पलंगाच्या काठावर बोट आपटत होत्या, एका रंगाला एक. मी ओटा उतरलो. गल्लीच्या वळणापर्यंत आवाज येत होता. पाचव्यानंतर तो थांबला. बहुधा तिथं माझी लाल रेघ अक्षरावरूनच गेली होती.

"नारिंगी," वहिनींचा आवाज आला. "सहावा नारिंगी."